कोळीवाडा वगळून

जळगावच्या एमआयडीसीत, पाइपांच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या डाळ मिलच्या गोदामात समुद्र आहे असं कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी त्याला ऊन लागलंय म्हणून पाणी पाजलं असतं. दिपमाला मात्र रोज सकाळी डोक्याला रुमाल गुंडाळून, स्कूटीवरून त्याच समुद्रावर कामाला जायची. गोदामाच्या भिंतींना अजून तुरीच्या फोलपटांचा वास होता. वरचे पत्रे असे तापायचे की दुपारी समुद्रही कोमट व्हायचा.

गोदाम हितेंद्रभाऊंचं. सरकारी नोकरी सोडून त्यांनी पाण्याची मॉडेलं बांधायचा धंदा काढला होता. कुठे धरणाचा सांडवा बांधायचा असो, कुठे पुलाचे खांब, आधी त्याची छोटी हुबेहूब प्रतिकृती सिमेंटमध्ये उभी करायची, तिच्यातून पाणी सोडायचं आणि ते काय काय उचापती करतं ते बघायचं, हे त्यांचं काम. दिपमाला धुळ्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन निघाली ती थेट त्यांच्याकडेच आली. मापं घेणं तिचं, गिलावा वनामिस्त्रीचा आणि शेवटचा शब्द भाऊंचा, अशी त्या तिघांची घडी बसली होती. पहिल्याच आठवड्यात भाऊंनी तिला पंपाजवळ उभं करून सांगितलं होतं, "पोरी, माणूस काहीही सांगेल. पाणी जिथे जायचं तिथेच जातं. आपण नुसतं बघायचं आणि बघितलं तेवढंच लिहायचं." हे वाक्य तिने इतकी वर्षं मनात जपलं. लोक देवघरात समई जपतात तसं.

पाण्याबद्दल ऐकायला ती तशी कोरी आलेली नव्हती. तिचं माहेर भडगावच्या खालच्या अंगाला, गिरणेच्या काठी. ती शाळेत असताना समोरच्या काठावरच्या बागायतदारांनी आपल्या मळ्यांसाठी नदीला मातीचा उंच बांध घातला. पुढच्या पुरात त्यांच्या केळीचं पान ओलं झालं नाही आणि इकडे तिच्या गावात पाणी घरांच्या आढ्याला टेकलं. तिची आई, ताईबाई, शेळी कवटाळून कौलांवर बसली होती. मागाहून पाहणीला आलेला माणूस नाकाला रुमाल लावून म्हणाला, "नदी आहे, पूर येणारच." ताईबाई त्याच्याकडे बघत राहिली आणि तो गेल्यावर म्हणाली, "पूर त्येस्नाबी व्हता. पानी आमनाकडे लोटी दिधं." नदीला पूर येणं वेगळं आणि कुणीतरी पूर आपल्याकडे लोटून देणं वेगळं, हे दिपमाला तेव्हाच शिकली. पुढे कॉलेजात त्याची गणितं कळली एवढंच.

तर त्या वर्षी भाऊंकडे बंदराचं काम आलं. किनाऱ्यावरचं जुनं शहर. खाडीच्या काठाने बाजारपेठ, गोद्या, नवे टॉवर. दोन वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात समुद्र फुगून थेट पेठेत शिरला होता आणि सोन्याच्या दुकानांमध्ये मासे सापडले होते. तेव्हा ठरलं की खाडीला मोठे दरवाजे लावायचे. एरवी उघडे राहतील, होड्या-जहाजं येतील जातील. वादळ आलं की बंद करायचे, म्हणजे समुद्र बाहेर अडेल. दरवाजे कसले आणि कुठे, एवढंच निवडायचं होतं. एक पर्याय अगदी बाहेर, खाडीच्या तोंडाशी. लांबच लांब, खर्चिक, पण सगळं गाव त्याच्या आत. दुसरा आत, जुन्या पुलाजवळ. आखूड, स्वस्त, वर उचलले जाणारे पोलादी दरवाजे. तिसरा रबराचा, हवा भरून फुगवायचा. तो सुरुवातीच्याच बैठकीत कुणालातरी हसू आलं म्हणून मागे पडला.

मापं घेण्यासाठी दिपमाला आणि वनामिस्त्री त्या शहरात जाऊन राहिले. तिथे पुलाच्या बाहेरच्या अंगाला, चिखल आणि पाणी यांच्या मधोमध कोळीवाडा होता. काठ्यांवर बोंबील वाळत होते. वनाने नाकाला उपरणं लावलं, तशी ओट्यावर जाळं सांधत बसलेली एक बाई खळखळून हसली. तिचं नाव मंदाबाई. तिने दोघांना कोरा चहा दिला, दिपमालाच्या हातातली मापाची लांब पट्टी निरखून बघितली आणि विचारलं, "बाय, तुज्या कागदावर आमचा घर हाय ना?"

"आहे ना," दिपमाला म्हणाली. "तुमचंही आहे, शेजारचंही आहे."

"मंग बरा. नायतर इथं मापाला येतात ते आमच्याकडं पाठ करून मापतात."

दिपमालाने तिच्या उंबऱ्याची उंची घेतली, खिडकीची घेतली. मंदाबाईने वादळाच्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवलं. घरांची जोती उंच, म्हणून उंबऱ्याला टेकून परत गेलं होतं. निघताना तिने सुकटीची पुडी बांधून दिली. दिपमालाने ती जळगावात आणून कांद्यावर परतली. नवरा, समाधान, सबंध संध्याकाळ खिडक्या उघड्या ठेवून बसला, पण खाल्ली मात्र त्याने दोनदा.

मग गोदामात बंदर उभं राहिलं. वनाने खाडीचा तळ असा ओतला की बघणाऱ्याला हात फिरवावासा वाटे. पेठ, गोद्या, टॉवर झाले. कोळीवाड्याची घरं दिपमालाने स्वतः केली. एकेक घर बोटाच्या पेराएवढं, उतरत्या छपराचं, सिमेंट ओलं असताना सुईने दारं-खिडक्या कोरून. भाऊ चष्मा वर सारून म्हणाले होते, "एवढं कशाला? चौकोनी ठोकळे चालले असते." पण आवाजात कौतुक होतं.

चाचण्या सुरू झाल्या. टाकीतून पाणी सोडलं की समुद्र हळूहळू फुगे आणि खाडीत शिरे. बाहेरचा दरवाजा लावून बघितला. सगळं गाव कोरडं. मग पुलाजवळचा लावून बघितला. पेठ कोरडी, टॉवर कोरडे, गोद्या कोरड्या. पण जे पाणी एरवी खाडीभर पसरून सुस्तावलं असतं ते दरवाज्याला येऊन थडकलं, मागे फिरायला जागा नाही म्हणून तिथेच चढत गेलं आणि कोळीवाड्यात घुसलं. उंबऱ्यावर नाही थांबलं. खिडकी गेली. छपरं तेवढी वर राहिली. दिपमालाने पाणी उतरवून पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. वनामिस्त्री गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होता. "ताई," तो म्हणाला, "दरवाजा नही व्हता तवय हाई घरं बरी व्हती." दरवाजा नव्हता तेव्हाच ही घरं बरी होती.

भाऊंनीही बघितलं. तिने जसं घडलं तसं लिहिलं, त्यांनी सही केली, कागद बंदराने नेमलेल्या सल्लागार कंपनीकडे गेले. दिपमालाला वाटलं, झालं. आता कोण तो आतला दरवाजा निवडणार?

सल्लागार कंपनीचा माणूस विमानाने आला. पांढरे बूट, दंडावर घट्ट बसणारा शर्ट, अंगाला मोसंबीसारखा वास. मॉडेलला त्याने एक फेरी मारली, मोबाइलवर चित्रण करायला लावलं आणि आतला दरवाजा बंद करून पाणी सोडायला सांगितलं. घरं पाण्याखाली जाताना बघून त्याने 'च्‌' केलं. दिपमालाला वाटलं, हळहळला.

"हे दिसायला वाईट दिसतंय," तो म्हणाला.

"वाईटच आहे," दिपमाला म्हणाली.

"तसं नाही मॅडम. परवा बंदराचे मोठे साहेब येणार. त्यांना इतकी बारीक घरं दाखवायची गरज काय? लक्ष तिकडेच जातं. आकडे राहू द्या की, आकड्यांना कुणी हात लावा म्हणत नाही. फक्त ही घरं काढून टाका. मोकळी जागा दिसू दे. दलदल आहेच की ती, तांत्रिकदृष्ट्या."

'तांत्रिकदृष्ट्या' म्हणताना त्याने खिशातली छोटी बाटली काढून हाताला जेल चोळलं. दिपमाला दोन पावलं मागे सरली. कोळीवाड्यातल्या वासाने ती एकदाही अशी मागे सरली नव्हती.

तो गेल्यावर भाऊ बराच वेळ पंपाशी खुडबुडत राहिले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "काढून टाकू. चार ठोकळे तर आहेत."

"भाऊ, ते ठोकळे नाहीत. मी जाऊन मापं घेतलीत त्यांची."

"मला माहीत आहे. आकडे आहेत ना अहवालात? आपण खोटं काही लिहीत नाही."

"आकडे शेवटच्या पानावर आहेत. ते कोण वाचणार? बघणार ते हे." तिने मॉडेलकडे हात केला. "तुम्हीच म्हणाला होता, बघितलं तेवढं लिहायचं. आता दिसूच नये म्हणून पुसायचं?"

"दिपमाला, बाहेरच्या दरवाज्याला ते तयार नाहीत. आधीच ठरलंय त्यांचं. आपण अडून काय मिळवणार? या कामावरच पुढची तीन कामं आहेत. तुझा पगार आहे, वनाचा आहे."

"मी काढणार नाही."

"नको काढू," भाऊ म्हणाले. तिला वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा कोळीवाडा नव्हता. घरं होती तिथे छिन्नीचे पांढरे ओरखडे आणि त्यांच्यावरून घाईघाईने फिरवलेला सिमेंटचा ओला हात. भाऊ बाहेर खुर्चीवर बसून पोहे खात होते. वनाने नकार दिला होता. "हाई काम माले जमनार नही," असं सांगून तो नळाशी जाऊन बसला होता. म्हणून भाऊंनी स्वतः, वयाच्या पासष्टीला, गुडघे टेकून एकेक घर फोडलं होतं. त्यांच्या नखांत करडं सिमेंट होतं आणि त्याच बोटांनी ते पोह्यातली मिरची बाजूला काढत होते. ज्या हातांनी तिला पाण्याचा वेग मोजायला शिकवलं ते हात हेच. तिला त्या बोटांकडे बघवेना. भाऊ म्हणाले, "घे, पोहे घे." ती आत गेली आणि मोरीत तोंड धरून उभी राहिली. उलटी झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं.

तरी ती काम सोडून गेली नाही. का, ते तिला नीट सांगता येत नसे. मोठे साहेब आले की आपण बोलू, बघणारा माणूस तर बघेल, अशी एक खुळी आशा होती.

साहेबांचा ताफा आला. तीन गाड्या, मागे एक जेवणाची. शेवभाजी, भरीत, पुऱ्या, कढी, शिवाय रावेरच्या केळ्यांचा घड, कारण साहेबांना 'इथलं काहीतरी खास' हवं होतं. गोदामात गरम होतं म्हणून मंडळी समुद्राच्या काठावरच बसली. पाय पाण्यात सोडून, हातात ताटं घेऊन. शेवभाजीचा तेलकट तवंग हळूहळू बंदरात पसरला. कुणीतरी केळं खाऊन साल खाडीच्या तोंडाशी टाकलं आणि म्हणालं, "हे बघा, जहाज आलं." सगळे हसले. भाऊही हसले.

चर्चा झाली ती दरवाज्यांच्या रंगाची. आतला दरवाजा पुलावरून दिसणार, तर त्याला रोषणाई करता येईल. वर काचेचा सज्जा काढला तर लोक सेल्फी काढतील. बाहेरचा दरवाजा समुद्रात, तो कोणाला दिसणार? साहेब म्हणाले, "करायचं तर असं करावं की शहराची ओळख झाली पाहिजे." समुद्र किती चढेल हे कुणी विचारलं नाही. एकाने विचारलं ते हे, की बंद दरवाज्याच्या मागे खाडीत येणाऱ्या नदीचं पाणी साठलं तर पेठेचं काय? भाऊंनी सांगितलं, पंप लावू. त्याने मान डोलावली. पेठेची काळजी मिटली.

मग फोटोची वेळ आली. साहेबांना दरवाज्याला हात लावून उभं राहायचं होतं. जवळ मोकळी, सपाट जागा एकच होती. साहेबांनी बूट घातले, समुद्रातून एक लांब ढांग टाकली आणि कोळीवाड्यावर उभे राहिले. सिमेंटचा तो हात अजून पुरता कडक झालेला नव्हता. टाचेचा ठसा उमटला.

"साहेब, पाय काढा," दिपमाला म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. भाऊंनी डोळे मोठे केले.

"का? मोडेल का?"

"तिथे लोक राहतात."

साहेबांनी खाली बघितलं. खरंच कुणी चिरडलं की काय अशा थाटात एक पाय उचलला आणि कंपनीच्या माणसाकडे बघून मिश्कील हसले. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो घेतला. पण दिपमाला थांबली नाही. मंदाबाईचा उंबरा, दरवाजा बंद झाल्यावर चढणारं पाणी, बुडणारी खिडकी, सगळं तिने एका दमात सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. ऐकताना दाढेत अडकलेलं काहीतरी ते जिभेने काढत होते. तिचं संपलं तसं ते निघालं.

"मॅडम, तुमच्या भावना समजल्या," ते म्हणाले. "पण ती वस्ती आपल्या संरक्षित क्षेत्राच्या बाहेर येते. दरवाजा आतल्या लोकांसाठी आहे. बाहेरच्यांसाठी नाहीच तो."

"पण त्यांच्याकडे आज जेवढं पाणी येतं त्याहून जास्त आपण पाठवतोय."

"समुद्र आहे," साहेब म्हणाले. "पाणी येणारच."

दिपमालाला कौलांवर बसलेली आई दिसली. माणसं वेगळी, वर्षं मध्ये गेलेली, आणि वाक्य मात्र तेच, जसं काही कुठल्या तरी कचेरीत छापून ठेवलंय आणि रुजू होताना प्रत्येकाला एकेक देतात. राग येऊन गेला होता. उरली होती ती नुसती किळस, खरकट्या ताटात हात पडल्यावर येते तशी.

पाहुणे गेल्यावर वनाने समुद्रातून सालं, टूथपिक, पुरीचे तुकडे वेचले. मग उपरण्याखालून एक घमेलं बाहेर काढलं. फोडलेली घरं त्याने टाकली नव्हती. बरीचशी तुटली होती, काही शाबूत होती. दिपमाला जवळच्या पायरीवर बसली आणि तिने मंदाबाईला फोन लावला. सगळं सांगितलं. काय फोडलं, कोण उभं राहिलं, दरवाजा कुठला निवडणार.

मंदाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमी येतो बघाया."

"इकडे? जळगावला?"

"मंग? माझा घर कसा बुडतो तो मला नको बघाया?"

भाऊ त्याच आठवड्यात सादरीकरणाला बंदराच्या शहरी गेले, आणि तिकडून निघालेली माणसं रेल्वेने जळगावला आली. मंदाबाई, तिचा दीर आणि वाड्यातल्या आणखी दोघी. सोबत पिशवीत सुका जवळा. उन्हाने चौघांचे चेहरे लाल झाले होते. स्टेशनवरून रिक्षाने गोदामात आणलं तेव्हा मंदाबाई दारातच थबकली. "ही आमची खाडी!" ती म्हणाली, आणि चप्पल बाहेर काढून आत आली.

दिपमाला आणि वनाने शाबूत घरं, तुटकी घरं, होती तेवढी सगळी ओल्या मातीवर पुन्हा जागच्या जागी बसवली. चौघं वाकून आपापलं घर शोधू लागली. मंदाबाईला तिचं सापडलं. छपराचा कोपरा उडाला होता. "वादळात पण एवढा नव्हता मोडला," ती म्हणाली. मग दिपमालाने आधी दरवाजा उघडा ठेवून पाणी सोडलं. उंबऱ्याला टेकलं, परत गेलं. दिराने मान हलवली; हे त्यांना माहीतच होतं. मग तिने आतला दरवाजा बंद केला.

पाणी चढलं. मातीवर बसवलेली घरं एकेक करून सुटली आणि आडवी होऊन तळाशी गेली. चौघांतली एक बाई पदराने तोंड झाकून बाहेर गेली. दिराने सगळं मोबाइलवर घेतलं. मंदाबाई पाण्याकडे बघत म्हणाली, "आनि ही बंद कराची कळ कोनाच्या हातात आसल?"

"बंदराच्या साहेबांच्या."

ती जमिनीवर थुंकली. मग ओशाळली, वनाला म्हणाली, "भाऊ, पानी द्या, पुसते." वना म्हणाला, "राहू द्या माय. आठे बठ्ठाच थुंकाजोगं शे." इथे सगळंच थुंकण्याजोगं आहे.

ते चित्रण कोळीवाड्यात फोनाफोनी फिरलं. भाऊंना तिकडेच कळलं. परत आल्यावर त्यांनी दिपमालाला बोलावलं. ओरडले नाहीत. खुर्चीत एकदम म्हातारे दिसत होते.

"मी तुला मुलीसारखं वागवलं," ते म्हणाले.

"हो, भाऊ."

"मग माझ्या पाठीमागे का?"

"तुमच्या समोर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पोहे खात होता."

त्यांनी हात पुढे केला. तिने गोदामाची किल्ली त्यावर ठेवली, बोटांना बोट लागू न देता. वनामिस्त्री तिच्यामागोमाग बाहेर पडला. त्याच्याकडे दुसरं काम नव्हतं, तरीही.

दरवाज्यावरच्या जनसुनावणीचं थेट प्रक्षेपण दिपमालाने समाधानच्या दुकानात बसून बघितलं. मोटारी रिवाइंड करायचं दुकान ते; तांब्याच्या तारांच्या ढिगात फोन उभा करून ठेवला होता. सभागृह थंडगार दिसत होतं, लोक शाली पांघरून बसल्यासारखे आखडलेले. मंदाबाई माइकसमोर आली. नवं पातळ नेसली होती. तिने चित्रण दाखवायची परवानगी मागितली.

"हे कुठे घेतलंय?" मंचावरून विचारलं गेलं.

"जळगावला."

सभागृहात हशा पिकला. "जळगावला समुद्र कधी आला?" कुणीतरी मागून ओरडलं. मंचावरच्या साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी पाण्याच्या ग्लासामागे तोंड लपवलं. त्या मंचाच्या कोपऱ्यात हितेंद्रभाऊ बसले होते. हा समुद्र माझ्या गोदामात आहे, मीच बांधलाय, एवढं एक वाक्य त्यांनी बोलायला हवं होतं. ते समोरच्या पाकिटातले काजू एकेक करून खात राहिले.

समाधानने फोन पालथा घातला. "बघू नको," तो म्हणाला. "तुझा चेहरा बघ कसा झालाय."

"सरळ कर," दिपमाला म्हणाली. "शेवटपर्यंत बघायचंय मला."

शेवट असा झाला की आतल्या दरवाज्याला मंजुरी मिळाली. बाहेरच्या वस्तीसाठी 'पूर्वसूचना देणारा भोंगा' बसवायचं ठरलं. भोंग्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दिपमाला आता शेतकऱ्यांच्या शेततळ्यांची आणि ठिबकच्या लायनींची लेव्हल काढून देते. एरंडोल, भडगाव, पारोळ्याकडे फिरते. वना सोबत असतो. काम बरं आहे, माणसं सरळ आहेत. पण ते गोदाम ज्या गल्लीत आहे तिथून ती स्कूटी नेत नाही, वळसा घालून जाते. भीती नाही ती. गटाराशेजारून जाताना श्वास रोखतो तसलं आहे ते.

मध्यंतरी हितेंद्रभाऊंचा कुठेतरी सत्कार झाला. ड्रायव्हरच्या हाती पेढ्यांचा बॉक्स घरी आला, वर त्यांच्या अक्षरात 'चि. दिपमालास' असं लिहिलेलं. ती शेतावरून आली तेव्हा समाधानने बॉक्स उघडून एक तोंडात टाकला होता. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. समाधान अर्धा पेढा तोंडात धरून उठला, मोरीवर गेला आणि चूळ भरून आला. बॉक्स त्याने झाकण लावून, दोरी बांधून दुसऱ्या दिवशी परत पोचवला.

दरवाज्याचे खांब खाडीत उभे राहू लागले तेव्हा मंदाबाईचा फोन आला. मागे ट्रकचे, लोखंडाचे आवाज येत होते, तिला ओरडून बोलावं लागत होतं. वाड्यातले लोक आपापल्या घरांची जोती उचलून घ्यायचं म्हणत होते. कुणी सोनं मोडत होतं, कुणी होडी विकत होतं.

"किती उचलू सांग," मंदाबाई म्हणाली. "तू पानी बगितलायस. तुजा माप खरा."

दिपमाला शेताच्या बांधावर उभी होती. तिला माप तोंडपाठ होतं. तिने सांगितलं, जुन्या खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत, आणि त्यावर आणखी हातभर.

"एवढा?" मंदाबाई म्हणाली. "मंग छप्पर पन उचलाया लागल."

"हो."

"आनि म्हाताऱ्या सासूला वर कशी चढवू?"

पलीकडे ट्रकचा भोंगा वाजला. मंदाबाई कुणावर तरी खेकसली आणि पुन्हा फोनवर आली. "बरा, पायऱ्या काढू," ती म्हणाली. "गवंडी आलाय, ठेवते."

फोन खिशात घालून दिपमाला यंत्राकडे वळली. वना पट्टी धरून उन्हात उभा होता. तोंडाला एकदम कडवट पाणी सुटलं, तशी ती बाजूला गेली, बांधाच्या कडेला थुंकली आणि बाटलीतलं पाणी तोंडावर मारून परत आली.

"काय झायं ताई?" वनाने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "पट्टी सरळ धर."

वनाने पट्टी सरळ केली, आणि तिने डोळा यंत्राला लावला.